पाठ करून घेतलेली साक्ष

राग आला की ओक्सिमबाई शिलाई मशीनवर बसतात. दक्षिण कोरियातल्या योसू बंदराच्या मासळी बाजारामागच्या गल्लीत त्यांचं कपडे दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे, आणि त्या फेब्रुवारीत गल्लीतल्या लोकांना मशीनची घरघर दिवसभर ऐकू येत होती. शेजारचा किंबापवाला, म्हणजे भाताच्या गुंडाळ्या विकणारा, एकदा डोकावून म्हणाला, "काय ताई, नाताळ उलटा फिरून परत आला की काय? एवढं काम कुठून आलं?" बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो तसाच मागे फिरला. काम फारसं नव्हतंच. एकाच पडद्याला त्या तिसऱ्यांदा शिलाई मारत होत्या.

टेकडीवरच्या चर्चमध्ये हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांतल्या मुलांचा वर्ग बाईंकडे आहे. किती वर्षं, ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. पहिल्या तुकडीतल्या मुली आता स्वतःच्या लेकींचे गणवेश घेऊन दुकानात येतात. बाई काही मोठ्या अभ्यासक नाहीत. शास्त्रपाठ त्या लवकर उरकतात, अवघड वचन आलं की "हे मलाही कळलेलं नाही" म्हणून पुढे जातात. खरा वर्ग भरतो तो शनिवारी दुपारी, दुकानात. कुणाच्या जॅकेटची चेन गेलेली असते, कुणाची पँट आखूड झालेली असते, आणि कुणाचं काहीच फाटलेलं नसतं, नुसतं येऊन बसायचं असतं. बाई सुईकडे बघत काम करतात, आणि आपल्याकडे न बघणाऱ्या माणसाला पोरं काय वाटेल ते सांगतात. कोण नापास झालं, कुणाचं कुणावर मन बसलं, कुणाच्या घरात काय फुटलं. ते सगळं बाईंच्या पोटात जातं आणि तिथेच राहतं. नवऱ्यालासुद्धा कळत नाही.

नवरा, दोक्सू, चर्चला जात नाही. रविवारी बायको उपासनेला निघाली की तो सार्वजनिक स्नानगृहात गरम पाण्यात जाऊन बसतो. "तू तिकडे धुऊन घे, मी इकडे," असं म्हणतो. एकदा टेकडीवरून सगळ्यांच्या एकदम मोठ्याने चाललेल्या प्रार्थनेचा गलका खाली बाजारापर्यंत आला, तेव्हा त्याने विचारलं होतं, "का गं, तुमच्या देवाला कमी ऐकू येतं का?" बाई त्याच्यावर खेकसल्या, पण मनातल्या मनात त्यांनाही तो प्रश्न पडून गेला होता.

तर हा राग दाओनपायी होता.

दाओन सतरा वर्षांची. आई डीकन, म्हणजे चर्चच्या सेवेत मान असलेली बाई, आणि बाकी आठवडाभर बंदरावरच्या शेडमध्ये कालवं फोडणारी. दाओनचा धाकटा भाऊ हाराम दोन हिवाळ्यांपूर्वी रक्ताच्या आजाराने गेला. तो दवाखान्यात होता तेव्हा अख्ख्या मंडळीने आळीपाळीने उपास केले, साखळी प्रार्थना केली. दाओनने तर जेवण टाकून गुडघे सोलून घेतले. पोरगा तरी गेलाच. आणि अंत्यविधीच्या जेवणात चोंगहेताईंनी, ज्या स्त्रियांच्या प्रार्थनामंडळाच्या प्रमुख आहेत, त्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "बाळा, आपल्याच विश्वासात कुठेतरी कमी पडलं असणार." ओक्सिमबाई तिथेच तिखट सूप वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, सूप गार होतंय. तोंड तिकडे लावा." लोक हसले, विषय सरला. पण ते वाक्य पोरीच्या आत जाऊन बसलं होतं, ते काही सूप पिऊन निघणारं नव्हतं.

दाओन चर्चला येत राहिली. गायनवृंदात उभी राहायची, फक्त ओठ हलवायची. बाईंना दिसत होतं. बाईंनी तिच्या कोटाचं अस्तर बदलून दिलं. ज्याला वेळ लागतो त्याला वेळ द्यायचा, एवढंच त्यांचं शास्त्र.

मग धाकटे पाळक आले. तेग्यू सर, सोलमध्ये शिकून आलेले, तरुण, देखणे, गिटार वाजवणारे. त्यांनी तळमजल्यावरच्या सभागृहाच्या खिडक्यांना काळे पडदे लावले, ड्रम आणले, रंगीत दिवे आणले. पोरं आली, खूश झाली, हे बाईंनीही मान्य केलं. पण सरांना एक खोड होती. त्यांना पोरं रडलेली हवी असत. शिबिराहून आले की ते शिक्षकांच्या बैठकीत सांगत, "या वेळी कृपा झाली, सगळे रडले," नाहीतर खाली मान घालून, "या वेळी जरा कोरडंच गेलं." बाईंच्या डोक्यात तिडीक जायची. अरे, पोरं आहेत का लोणच्याच्या बरण्या, पाणी सुटलं की मुरलं म्हणायला?

या हिवाळी शिबिरात सरांनी पोरांना लहान लहान गोल करून बसवलं आणि सांगितलं, मनातलं सगळं ओता, इथलं इथेच राहील. दाओनने खूप वेळ काही ओतलं नाही. मग गोलातली गटप्रमुख, एक कॉलेजकन्या, तिचा हात धरून रडायला लागली, आणि भिडेस्तव दाओन बोलून गेली, "मी प्रार्थना करते तेव्हा पलीकडे कुणी नसतं. हाराम गेल्यापासून कुणीच नाही." एवढंच. दोन वर्षांत पहिल्यांदा पोर खरं बोलली होती.

गटप्रमुख मनाने चांगली मुलगी. तिने दाओनला मिठी मारली आणि बसमध्ये चढता चढता फोनमधल्या प्रार्थनेच्या ग्रुपवर तिच्यासाठी प्रार्थनेचा विषय टाकला.

बाईंना हे कळलं ते चोंगहेताईंच्या तोंडून. ताई पँट आखूड करून घ्यायला आल्या होत्या आणि स्टुलावर उभ्या होत्या. बाई खाली बसून टाचण्या लावत होत्या.

"ओक्सिम, तू दाओनची बाई ना? मग तुला सांगायलाच हवं. फक्त प्रार्थनेसाठी सांगतेय हं."

बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

"पोरीचा विश्वास गेला गं. देवच नाही म्हणते. डीकनच्या घरातली पोर! पण तू काळजी करू नकोस. धाकटे पाळक तिला येत्या युवा रविवारी साक्ष द्यायला, देवाने कसं परत आणलं ते सगळ्यांपुढे सांगायला, उभी करणार आहेत. हरवली होती, सापडली."

बाईंनी टाचण्या तोंडातून काढल्या. "सापडली? कुणाला?"

"अगं म्हणजे, सापडेल. रविवारपर्यंत."

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"ग्रुपवर आलं."

"आणि तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत?"

"छे गं, कुणाला नाही. फक्त प्रार्थना करणाऱ्यांना."

"म्हणजे अख्ख्या बाजाराला. तिच्या आईला कुणी सांगितलं?"

चोंगहेताईंनी खाली पँटकडे बघितलं. "शेडमध्ये तिला धीर द्यावा म्हणून गेले होते मी. बाकीच्या बायकाही होत्या. आम्ही तिथेच हात धरून... ओक्सिम, टाचणी टोचतेय."

"टोचू दे."

खरं सांगायचं तर या बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि ते गावाला माहीत आहे. पण नुसती चहाडी केली असती तर निदान चोरट्यासारखी केली असती, कुणी आलं की आवाज खाली गेला असता. इथे तसं नाही. इथे पोरीचं मन चव्हाट्यावर मांडायचं, वर डोळे मिटून हात जोडायचे, आणि घरी जाताना आपण पुण्य करून आलो अशा थाटात चालायचं. याचाच बाईंना संताप येत होता. ज्या आईने एक मूल पुरलं, तिला दुसऱ्या मुलाच्या मनात काय आहे ते कालवांच्या ढिगाशेजारी, दहा बायकांच्या देखत कळावं! त्या दिवशी संध्याकाळी पडद्याला पहिली शिलाई बसली.

दुसऱ्या दिवशी बाई शेडमध्ये गेल्या. दाओनची आई हातमोजे न काढताच बाहेर आली. हातातली सुरीही तशीच.

"दाओनच्या आई, पोरीला उभी करू नका. तिच्या मनात नसलेलं तिच्याकडून वदवून घेणार आहेत ते."

"मला माहीत नाही का? पण पाच मिनिटं बोलली की लोकांची तोंडं बंद होतील. मला रोज इथे काम करायचंय, बाई. रोज कुणी ना कुणी येऊन माझा हात धरतं." तिने सुरीचं पातं मोज्याला पुसलं. "हाराम गेला तेव्हाही असेच हात धरले होते. मला आता कुणी हात नको धरायला."

रागवायचं तरी कुणावर, ही तर स्वतःच चेंगरलेली.

शनिवारी दुपारी पोरं दुकानात आली, दाओन आली नाही. बाई दुकान पोरांवर सोडून टेकडी चढल्या. तळमजल्यावर काळ्या पडद्यांच्या अंधारात एकच दिवा लावलेला होता. त्याखाली दाओन माइक धरून उभी, आणि समोर पहिल्या बाकावर तेग्यू सर.

"छान. आता 'त्या संध्याकाळी मला प्रभूचा हात जाणवला', इथे थांब. घाई नको. रडू आलं तर येऊ दे, दाबू नकोस."

"नाही आलं तर?" दाओनने विचारलं.

"येईल. हारामचं नाव घेतलंस की येईल."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्या पोराचं नाव हा माणूस कांद्यासारखं वापरायला निघाला होता.

"धाकटे पाळक," त्या दारातून म्हणाल्या, "शिबिरात हिला हात जाणवला होता का?"

सर दचकून उठले. "ओक्सिमबाई! या ना. अहो, जाणवला नसेल तर बोलता बोलता जाणवेल. विश्वास कबूल करता करताच येतो."

"मी सरळ विचारते. ही उद्या देवाच्या घरात उभी राहून खोटं बोलणार की नाही?"

"खोटं कसं? आगाऊ कबुली म्हणा." सर हसायला गेले, पण हसू काही जमलं नाही. मग एकदम त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला. "बाई, पोरं कमी होतायत. मोठे पाळक दर आठवड्याला विचारतात, फळ कुठे आहे? मी काय दाखवू त्यांना?"

"म्हणून ही पोर दाखवणार? पिकलेली नाही तर रंग मारून?"

बाई दाओनला घेऊन बाहेर पायऱ्यांवर बसल्या. खाली बंदरात होड्या लागत होत्या. दाओन नखं कुरतडत होती.

"आई रडते म्हणून मी हो म्हटलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाई, चर्चमध्ये खोटं बोललं तर देव शिक्षा करतो का?"

"कुणी सांगितलं तुला?"

"करत असेल तर बरंच होईल. निदान आहे, एवढं तरी कळेल."

बाईंनी आयुष्यात बरेच उपदेश ऐकले होते, पण त्यांच्या छातीत असं काही कधी रुतलं नव्हतं. त्या तशाच उठून मोठ्या पाळकांच्या खोलीत गेल्या. मोठे पाळक चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "ओक्सिमबाई, तुमचं ओझं मला कळतं. पण कार्यक्रम ठरलाय. पालकांना निमंत्रणं गेलीत. उद्या मंडळीच्या वतीने प्रार्थना तुमच्याकडेच आहे ना? तुमच्या मनातलं तिथे प्रभूपुढे ठेवा."

"ठेवू?"

"अवश्य ठेवा. मनमोकळेपणाने."

"बरं," बाई म्हणाल्या आणि दार जरा जोरातच लावून आल्या.

आमच्याकडे मंडळीच्या वतीने प्रार्थना करायची म्हणजे एकाने उभं राहून बोलायचं आणि बाकी सगळ्यांनी डोळे मिटून, प्रत्येक वाक्याला आमेन म्हणायचं. मोठ्याने म्हणायचं, कारण हळू म्हणणाऱ्याचा विश्वास कच्चा धरतात. आणि दुसरी गोष्ट, प्रार्थना करणाऱ्याला मध्ये कुणी अडवत नाही. तो देवाशी बोलतोय, त्याला कोण थांबवणार? एकमेकांना जे तोंडावर बोलायची सोय नसते, ते कितीतरी जण वर्षानुवर्षं देवाच्या नावाने बोलून घेतात.

रविवारी दुपारी चर्च भरलेलं होतं. दाओन तरुणांच्या बाकावर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. तिची आई पार मागे, दाराजवळ. बाई पुढे गेल्या. हातात कागद नव्हता. सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे प्रभू, या दुपारी तू आम्हाला गोळा केलंस."

"आमेन!"

"आमची लेकरं तू आमच्या हातात दिलीस."

"आमेन!"

"आणि त्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी आम्ही बाजारात वाटल्या."

"आमेन!" सगळे गरजले, आणि मग आपण कशाला आमेन म्हटलं ते एकेकाच्या ध्यानात आलं. कुठेतरी कुणाला ठसका लागला.

"तुझं नाव पुढे करून वाटल्या, म्हणजे आम्हाला लाज वाटू नये."

या वेळी आमेन फक्त पुरुषांच्या बाकांवरून आलं. त्यांना वाटलं, हे बायकांपुरतंच आहे.

"घराघरातल्या बापांनी ती गोष्ट जेवताना चघळली आणि अजून वाढा म्हणाले."

आता तेही गप्प झाले.

"लेकरं रडली की तू आलास म्हणालो, आणि रडली नाहीत की त्यांच्यातच खोट काढली. तुला मोजायला आम्ही त्यांच्या डोळ्यांतलं पाणी वापरलं."

"आमेन," तरुणांच्या बाकांवरून कुणीतरी म्हटलं. मग त्याच बाकांवरून आणखी काही आवाज आले, घोगरे, फुटलेले, आणि ते मोठ्याने म्हणत होते.

बाईंचा राग आता धावत सुटला होता. पुढचं त्यांनी रात्रभर जुळवून ठेवलं होतं. हारामचं नाव. जेवणावळीत पोरीच्या खांद्यावर पडलेला तो हात, आणि ते वाक्य. कुणी म्हटलं, कुणाला म्हटलं, सगळं. दाओनचं नाव त्यांच्या जिभेवर आलं होतं, आणि ते घेण्यापूर्वी त्यांनी डोळे उघडले.

सगळं चर्च माना खाली घालून बसलं होतं. फक्त एका ठिकाणी डोळे उघडे होते. दाओन त्यांच्याकडे बघत होती आणि मान हलवत होती, अगदी थोडी. नको. नको बाई.

तेव्हा ओक्सिमबाईंना कळलं की आपणही तेच करायला निघालोय. हात जोडून, देवाच्या नावाने, पोरीचं दुःख सगळ्यांपुढे मांडून. चोंगहेताईंनी ते कळवळ्याने केलं, आपण रागाने करणार होतो, पोरीच्या वाट्याला दोन्हीकडून सारखंच येणार होतं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. लोकांना वाटलं, बाईंना पवित्र आत्म्याने भरून आलंय. खरं तर त्या चोंगहेताईंना सोडून देत होत्या.

"आम्हाला गप्प बसायला शिकव, प्रभू," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्यापासून सुरुवात कर."

"आमेन!" हे चोंगहेताईंचं, खणखणीत.

"आणि आज या घरात कुणाही लेकराला मनात नसलेला शब्द बोलावा लागू नये. येशूच्या नावात मागते."

येशूच्या नावात म्हटल्यावर आमेन न म्हणणं कुणाला शक्य नव्हतं. सगळे म्हणाले. मोठे पाळकसुद्धा म्हणाले, आणि त्यांच्यापुढे माइक चालू होता.

बाई जागेवर येऊन बसल्या. तेग्यू सर उठले. त्यांनी मोठ्या पाळकांकडे बघितलं, मोठे पाळक गीतांच्या पुस्तकात पान शोधत होते. सरांनी गळा साफ केला. ज्या माणसाला दुसरं काही सुचत नाही, तो ठरलेलं तेच करतो. "आता," ते म्हणाले, "आपली दाओन... आपल्याला साक्ष देईल."

दाओन उभी राहिली. पुढे गेली नाही. बाक धरून जागच्या जागी उभी राहिली.

"ये ना, दाओन."

"नाही."

"घाबरू नकोस. पाचच मिनिटं. आम्ही सगळे तुझ्यासाठी प्रार्थना..."

"नाही, सर."

ओक्सिमबाईंनी खालचा ओठ दातांत धरला होता. बोलायचं नाही, असं आत्ताच देवाकडे मागून आल्या होत्या. लोकांच्या माना एकेक करून मागे वळू लागल्या, दाराकडे, पोरीच्या आईला काय वाटत असेल ते बघायला.

"आमेन," दाराजवळून कुणीतरी म्हणालं.

दाओनची आई उभी होती. रविवारचा कोट, आणि कालवांच्या शिंपल्यांनी चिरलेले दोन्ही हात समोरच्या बाकावर. तिने वळलेल्या सगळ्या तोंडांकडे एकदा बघून घेतलं, मग धाकट्या पाळकांकडे बघितलं.

"नाही म्हणाली ती. ऐकलंत ना?" ती म्हणाली. "आमेन म्हणा."